शेला बांधला की काखेतच का उसवतं? हाताने शिवलेल्या अंगरख्या-बाराबंदीची नेहमीची तक्रार

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी शिवा, ऐतिहासिक नाटकासाठी शिवा किंवा निव्वळ हौस म्हणून जुन्या पद्धतीचा पोशाख सुई-दोऱ्याने करायला घ्या, तक्रार ठरलेली. घरी घालून बघितला तेव्हा छान बसला. कार्यक्रमात तलवार उचलली आणि काखेत टर्रकन गेलं. मग उसवलेल्या जागी दुहेरी टीप मारली जाते. पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच जातं, नाहीतर टीप शाबूत राहते आणि तिच्या अर्धा इंच बाजूला कापड फाटतं. इथवर आलेला माणूस वैतागून म्हणतो, हाताची शिलाई टिकतच नाही, मशीनवरच घालायला हवं होतं.

हे काही खरं नाही. सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं १८५१ साली. त्याच्या आधी घोड्यावर बसणाऱ्यांचे, पट्टा फिरवणाऱ्यांचे सगळे कपडे हातानेच शिवलेले होते आणि ते काखेत रोज फाटत नव्हते. बिघाड टाक्यात क्वचित असतो. तो बहुतेक वेळा बेतण्यात असतो, आणि त्याहूनही जास्त वेळा घालून बघण्याच्या पद्धतीत.

घालून बघताना काय चुकतं

अंगरखा अंगात घालतो, बंद बांधतो, आरशासमोर हात वर करतो. कपडा वर सरकतो, हात सहज जातो, आपण खूश. कार्यक्रमाच्या दिवशी कमरेला शेला आवळला जातो आणि तिथेच गणित बदलतं. हात वर गेला की बाहीला काखेकडून कापड लागतं. शेला नसताना ते खालून, अख्खा अंगरखा वर सरकून मिळत होतं. आता कपडा कमरेशी जखडलाय. जे काही वाढायचं ते काख ते कंबर एवढ्या पट्ट्यातूनच. तिथे कापड शिल्लक नसेल तर शिवण तरी जाणार नाहीतर कापड तरी.

म्हणून कच्च्या दोऱ्यावर घालून बघतानाच शेला बांधा. खरा शेला तयार नसेल तर ओढणी, पंचा, काहीही चालेल, पण प्रसंगी आवळाल तेवढाच आवळा. मग हात सरळ वर न्या, स्वतःला मिठी मारा, वाकून मुजरा करा, उजव्या हाताने डाव्या बाजूच्या तलवारीची मूठ धरल्यासारखं करून झटक्यात उपसा. ढोल वाजवणार असाल तर ढोलाची हालचाल करा. यातल्या एकाही हालचालीत काख टोचली, किंवा छातीवरचे बंद ताणून कापडाला सुरकुती आली, तर पक्की शिवण घालू नका.

फाटलेली जागा नीट वाचा

आधीच फाटला असेल तर लगेच सुई हातात घेऊ नका. कपडा उलटा करून उजेडात धरा. फाटण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

दोरा तुटलाय, कापड धड आहे: ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. नुसत्या धावदोऱ्यावर शिवण उभी केली असणार, किंवा दोरा जुना, कुजलेला असणार. डब्यात वर्षानुवर्षं पडलेली रिळं दिसायला नवी दिसतात. हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर ते रीळ कच्च्या टाचणीसाठी ठेवा.

दोरा धड आहे, शिवणीला लागून कापड फाटलंय: दोरा कापडापेक्षा बळकट आहे. मऊ सुती कापडावर पॉलिएस्टरचा दोरा घातला की ताणाखाली तो कापडालाच कापतो. सुतीला सुती दोरा आणि रेशमाला रेशमी हा जुना नियम दिसण्यासाठी नाही, ताण आला तर आधी दोरा जावा म्हणून आहे. दोरा पुन्हा घालता येतो. फार बारीक आणि दाट टाकेही हेच करतात. तलम कापडावर इंचाला पंधरा-वीस टाके घातले की कापडाला फाडायला भोकांची रांग आखून दिल्यासारखं होतं. मांजरपाटाला, खादीला इंचाला आठ-दहा टाके पुरे.

दोराही धड, कापडही धड, पण धागे शिवणीतून निसटून झालर झालीय: हे हिमरू, ब्रोकेड, सैल विणीचं रेशीम यांच्यात होतं. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, कमी ठेवली की होणारच. अशा कापडाला पाऊण इंच माया ठेवा आणि कापल्याबरोबर कडेने तिरपे टाके घालून घ्या, शिवायला घेईपर्यंत थांबू नका.

आणि नेमक्या कोपऱ्यातून, जिथे चार शिवणी भेटतात तिथून सुरू झालेली चीर: ही सगळ्यात जास्त दिसते, आणि पुढचं बरंचसं लिखाण तिच्याबद्दलच आहे.

चित्र बघून बाही बेतली असेल तर

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली शिवाजी महाराजांची दख्खनी शैलीतली चित्रं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या प्रती आता सगळ्यांच्या फोनवर असतात, आणि बहुतेकांचा पोशाख तिथूनच सुरू होतो. त्या काळच्या दख्खनी आणि मुघल चित्रांतल्या जाम्यांची, म्हणजे लांब घेरदार अंगरख्यांची, बाही घट्ट दिसते, म्हणून आपण दंडापासून मनगटापर्यंत सारखी अरुंद नळी कापतो. घट्टपणा असतो तो कोपराखाली. बाही हातापेक्षा लांब ठेवलेली असते आणि ती जास्तीची लांबी मनगटावर चुण्या होऊन बसते, चुडीदारासारखी. दंडावर मात्र जागा सोडलेली हवी. दंडाचा घेर मोजा, मूठ वळून हात दुमडून मोजा, आणि त्यात निदान चार इंच मिळवा. मनगटाला काय आवळायचं ते आवळा.

दुसरी गफलत शर्टाच्या फर्म्याची. घरात शर्टाचं नाहीतर कुर्त्याचं पेपर कटिंग असतं, त्यालाच पुढे पल्ला वाढवून अंगरखा केला जातो. शर्टाला गोलाई दिलेला मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, असतो. जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात मूळ हिशेब सरळ तुकड्यांचा: पाठ, पुढचे पल्ले, आयताकृती किंवा खाली निमुळती होत जाणारी बाही, बाजूला कळ्या, म्हणजे घेरासाठीचे निमुळते तुकडे, आणि काखेत चौबगला, म्हणजे हालचालीसाठी बसवलेला चौकोनी तुकडा. मुंढ्याला गोलाई नाही, म्हणून काखेला चौबगल्याशिवाय हालचालच नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर. त्यांची भेसळ केली आणि चौबगला गाळला की काख गेली म्हणून समजा.

मुंढा खोल करू नका

काखेत टोचलं की पहिला सल्ला मिळतो, मुंढा अजून खाली उतरवा. शेजारच्या काकूही सांगतील, कोपऱ्यावरचे शिंपीदादाही सांगतील. हात खाली असताना त्याने बरं वाटतं हे खरं. पण हात वर न्यायचा असेल तर मुंढा जितका खाली तितकी अडचण जास्त, कारण बाही आता अंगाला काखेत जोडलेली नसून बरगडीपाशी जोडलेली आहे. हात उचलला की ती बरगडीपासूनचं सगळं कापड ओढते. वटवाघळाच्या बाहीचा टॉप घालून वरच्या फळीवरचा डबा काढून बघा, लगेच कळेल. त्यावर कमरेला शेला असेल तर विचारूच नका.

मुंढा आहे तिथेच, शक्यतो काखेच्या जवळ ठेवायचा, आणि कापड चौबगल्यातून द्यायचं.

चौबगला बसवणे

चौबगला म्हणजे चौकोनी तुकडा, काखेत हिऱ्यासारखा तिरपा बसवलेला. एक टोक बाहीकडे, समोरचं कमरेकडे, उरलेली दोन पुढे आणि मागे मुंढ्याच्या शिवणीपाशी. चौकोन कापायचा उभ्या-आडव्या धाग्यावर. तो काखेत तिरपा बसला की त्याचा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी दिशा, नेमका ताणाच्या दिशेला येतो, आणि उरेब कापड ताणलं जातं हे गोट घालणाऱ्या कुणालाही सांगायला नको. वर चौकोनाच्या कर्णाचा फायदा. चार इंची चौकोन कर्णावर साडेपाच इंचांहून जास्त भरतो, पाच इंची सात. एवढं कापड काखेला नव्याने मिळालं.

सडपातळ माणसाला, साध्या हालचालीला चार इंच पुरतात. भरल्या अंगाला, तलवारबाजीला, ढोलाला पाच घ्या. त्याहून मोठा घेतला तर हात खाली असताना काखेत बोंगा दिसतो. माया धरून कापायचा, म्हणजे तयार चार हवा असेल तर अर्ध्या इंचाच्या मायेने पाच इंची तुकडा.

शिवून झालेल्या कपड्यात घालायचा तर उसवायचं किती? काखेपासून बाहीची शिवण चार इंच आणि बगलेची, म्हणजे बाजूची शिवण चार इंच. मुंढ्याच्या पुढच्या-मागच्या शिवणींना हात लावायचा नाही. फक्त काखेशी त्या जिथे संपतात तिथे उलटी टीप, म्हणजे दर वेळी एक टाका मागे घेत घातलेली शिवण, घालून पक्क्या करा. उसवताना ब्लेड नको. दर तिसरा-चौथा टाका कातरीच्या टोकाने कापून उलट्या बाजूचा दोरा ओढून घ्या. शिवणीजवळचं कापड आधीच दमलेलं असतं, त्याला अजून छेडू नका.

आता खडूने चौकोनाच्या चारी बाजूंवर शिवणरेषा आखा. हा भाग टाळू नका. मशीनवर अंदाजाने निभावतं, चौबगल्याला नाही. प्रत्येक बाजू स्वतंत्र शिवा. कोपऱ्यावर दोन शिवणरेषा जिथे मिळतात त्या बिंदूवर सुरुवात, पुढच्या बिंदूवर शेवट, मायेच्या भागात टाका जाता कामा नये. एकाच दमात चारी बाजू फिरवल्या की कोपऱ्यात चुणी अडकते, आणि पुढे चीर तिथूनच निघते. दोन्ही टोकांना तीन-तीन उलटे टाके. मधल्या भागात सलग उलटी टीप उत्तम. कंटाळा येत असेल तर धावदोरा घालून दर चार टाक्यांनी एक उलटा टाका घ्या, तेवढं चालतं.

मग बाही आणि बगलेकडच्या दोन टोकांना आतून बोटाच्या पेराएवढं सुती कापड लावून बारीक हेम करा. हा चिमुकला ठिगळाचा तुकडा चौबगल्याचं आयुष्य वाढवतो. शेवटी मायेची एक कड कमी करून दुसरी तिच्यावर दुमडून हेम घालून टाका. कच्ची कड काखेत घासते, घामाने खरखरते आणि घालणारा सारखा हात खाजवत राहतो, ते व्यासपीठावर फार वाईट दिसतं.

कापड आधीच फाटलं असेल तर चौबगला मोठा करून फाटका भाग त्याच्या मायेत जाईल असं बघा. फाटकी चीर छातीकडे किंवा पाठीकडे लांबली असेल तर चौबगल्याने भागणार नाही. तिथे आतून त्याच कापडाचा तुकडा उभा धागा जुळवून लावा आणि चिरेच्या दोन्ही कडा त्यावर हेम करा. चौबगला वेगळ्या कापडाचा झाला तरी बिघडत नाही. पांढऱ्या कपड्यात तर कळतही नाही.

पाणी, घाम, अस्तर

कोरा मांजरपाट धुतल्याशिवाय कापू नका. पहिल्या धुण्यात तो आटतो, आणि आटतो तो जास्त करून लांबीत. कार्यक्रमाआधी नीट बसलेला कपडा धुऊन पुढच्या वर्षी काढला की काखेत आवळतो, त्यातल्या बऱ्याच भानगडी इथल्याच. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, खळ जाऊ द्या, दमट असताना इस्त्री करा. परदेशात मंडळाच्या कार्यक्रमासाठी शिवणाऱ्यांनी हाच मांजरपाट इंग्लंडमध्ये कॅलिको म्हणून मागावा, अमेरिकेत मस्लिन म्हणून. अमेरिकेत कॅलिको मागितलात तर बारीक फुलांचं छापील हाती येईल.

‘सिल्क’ म्हणून स्वस्तात मिळणारं चकचकीत कापड बऱ्याचदा रेयॉन असतं. सुती धागा ओला झाला की उलट थोडा बळकट होतो. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद बरीच उतरते, रेशमाचीही काहीशी उतरते. आता दिवे, उन्हातली मिरवणूक, खाली गंजी, वर दुपदरी अंगरखा. काखेत ओलं होणारच. म्हणून भारी कापडाच्या अंगरख्यालाही काखेत सुती अस्तर आणि सुतीच चौबगला आतून द्यावा. कापड कशाचं आहे ते कळत नसेल तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम. कागदासारखं जळून मऊ राख राहिली तर सुती किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

अस्तराबद्दल आणखी एक. अस्तर वरच्या कापडापेक्षा किंचित सैल हवं. आपण कापड वाचवायला ते काटोकाट कापतो, मग सगळा ताण अस्तरावर येतो. अस्तर फाटतं, त्याला शिवलेलं वरचं कापड ओढलं जातं, आणि आपण बाहेरची शिवण दुरुस्त करत बसतो.

बंद उपटतात त्याचं मूळही बरेचदा अशाच कमी कापडात असतं. छातीवर पल्ला कमी पडला की ताण बंदांवर जातो. बंद शिवताना आतून दुपदरी तुकडा लावा आणि चौकोनात टीप घाला. तरीही उपटत असेल तर पल्ला अपुरा आहे, दोऱ्याला दोष देऊ नका. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलणारे पांढरी बाराबंदी घालतात. एवढं वजन तोलायचं, गर्दीत चालायचं, तर कपडा काखेत आणि छातीवर मोकळाच लागतो. ज्यांना हालत्या अंगावरची बाराबंदी बघायची आहे त्यांनी संक्रांतीच्या सुमारास तिथे जाऊन बघावी. संग्रहालयातल्या कपाटातला कपडा हात वर करून दाखवत नाही.

सगळंच बिनसल्यावर

काख नीट झाली तरी एवढ्या लांबच्या कामात काहीतरी बिनसतंच. पल्ला उलटा कापला जातो, कापड कमी पडतं, तारीख अलीकडे येते.

पल्ल्याची बाजू उलटी झाली हे फार जणांना रडवतं. जाम्याचे बंद हिंदूंनी डाव्या काखेत आणि मुसलमानांनी उजव्या काखेत बांधायचे अशी रीत होती, त्यामुळे बाजू चुकली तर जाणकार लगेच बोट ठेवतो. पण साध्या विणीच्या, दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या कापडात तुकडा पालथा केला की काम झालं. सरळ तुकड्यांच्या बेतण्याचा हा मोठाच फायदा आहे. छापील किंवा जरीच्या कापडात मात्र पालथं घालता येत नाही. तिथे तो पल्ला आतला करायचा आणि बाहेरचा नवा कापायचा.

कापड कमी पडलं तर जोड द्या, बिनधास्त. त्या काळी कापड महाग आणि मजुरी स्वस्त होती, त्यामुळे तुकडे जोडून माप पुरं करणं ही कारागिराची नेहमीची गोष्ट. पल्ल्याखाली, काखेत, कळीच्या वरच्या टोकाला, शेल्याखाली कुठेही जोड लपतो. फक्त उभा धागा उभ्याला जुळवा आणि शक्य तिथे काठ वापरा, म्हणजे कड बांधायला नको. ‘जोड दिला तर अस्सल दिसणार नाही’ हे म्हणणं मला तरी पटत नाही. जुन्या कपड्यांत जोड असतात, अखंड ताग्याचा हट्ट आपला आहे.

तारीख जवळ आली असेल तर कुठे वेळ घालवायचा ते आधी ठरवा. ताणाच्या जागा आधी: काख, बंद, गळ्यामागची शिवण, घेराच्या कळ्यांची वरची टोकं. घेराचं हेमिंग मागे राहिलं तर मोठ्या टाक्यांनी टाचून घ्या, पाच फुटांवरून कुणाला दिसत नाही. गोट, मगजी, नक्षी पुढच्या वर्षीही होते. दिसणारं काम आधी संपवायची ओढ सगळ्यांना असते, कारण फोटोत तेच येतं. त्या ओढीपायी काख शेवटच्या रात्रीवर ढकलली जाते, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने, ट्यूबलाइटखाली. त्या वेळेला उसवायलाही बसू नये. नको तो धागा कापला जातो आणि तासाभराच्या कामाचे तीन तास होतात. टाचण्या लावून घडी करून ठेवा, सकाळच्या उजेडात खिडकीशी बसा.

वाकडा टाका दिसला म्हणून उसवू नका. ताण नसलेल्या जागेतला वाकडा टाका राहू द्या. ताणाच्या जागेतला सरळ पण सैल टाका मात्र लगेच काढा.

दोरा सारखा गुंतत असेल तर तो लांब घेतलेला आहे. बोटांपासून कोपरापर्यंत एवढाच घ्या, मधमाशीच्या मेणावरून ओढा, मग कागदात दाबून त्यावर गरम इस्त्री फिरवा. मेण दोऱ्यात मुरतं आणि कापडाला डाग पडत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पिशवीत हे असू द्या: दोरा ओवून ठेवलेल्या दोन सुया, तळहाताएवढे सुती तुकडे, छोटी कातर, सेफ्टी पिना. ऐन वेळी काख गेलीच तर फाटलेल्या कडा एकमेकींकडे ओढून शिवू नका, त्याने जागा आणखी आवळते आणि पुढच्या हालचालीला पुन्हा जाते. आतून तुकडा लावा, कडा जिथे आहेत तिथेच त्यावर मोठ्या टाक्यांनी टाचा, आणि शेला एक बोट सैल करा.